घरात राहणाऱ्या व्यक्ती

४ ऑगस्ट

चि. ठमीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडचं कळव, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तीन वर्षांनी बहिणीला पत्र लिहायला बसलं की रीतच कामाला येते. हा पाचवा कागद. आधीचे चार चुलीत गेले.

पत्र बघून धसका घेऊ नकोस. कोणी गेलेलं नाही. जायला इथे उरलंय कोण? मी, तीन गाई, कोंबड्या आणि तो लंगडा बोका. बोका तर मला जमेतही धरत नाही. काम आहे म्हणून लिहितोय, आणि काम सरकारी आहे. एरवी मी लिहिलं नसतं हे तुला माहीत आहेच.

तर ऐक. सरकारने शेतांवर पर्यटन वाढवायचं धोरण काढलंय. शहरातल्या माणसांनी शेतावर येऊन राहायचं, गाई बघायच्या, फळं तोडायची, चिखलात पाय घालायचे, आणि आपण त्यांना हे सगळं कौतुकाने दाखवायचं. चाळीस पानी पुस्तिका आहे. दोन खोल्या हव्यात, स्वच्छ संडास हवा, प्रथमोपचाराची पेटी हवी, रस्त्यावर पाटी हवी, आणि यजमानाच्या चेहऱ्यावर हसू हवं. हसूचं मी पदरचं घातलेलं नाही, छापलंय तसं, पान अकरा.

तू म्हणशील, या वयात दादाला हे काय सुचलं. अगं, अंजिरं झाडावरच फुटतात. शिडीवर एक आणि खाली टोपली धरायला एक, असं आपण पस्तीस वर्षं केलं. आता मी चढतो, चार तोडतो, उतरतो, टोपलीत ठेवतो, शिडी सरकवतो, परत चढतो. त्रेसष्टाव्या वर्षी ही कसरत बघायला खरं तर लोकांनी यायला हवं. म्हटलं, येऊ देत पाहुणे, हौसेने टोपली तरी धरतील.

तीन दिवसांचं प्रशिक्षणही घेतलं. सगळे जोडीने आलेले. नवरा-बायको, बाप-लेक, दोघी जावा. मास्तर म्हणजे पंचविशीतलं पोर. म्हणे, एकाने पाहुणा व्हायचं, दुसऱ्याने यजमान, आणि स्वागत करून दाखवायचं. मला जोडीदार नव्हता. मास्तरने माझ्यासमोर एक खुर्ची ठेवली आणि म्हणाला, "काका, ही पाहुणी समजा." मग मी तीस माणसांसमोर खुर्चीला विचारलं, प्रवास कसा झाला, दमलात का, पाणी देऊ का. सगळे हसले. मीही हसलो, पान अकराप्रमाणे. पण तुला म्हणून सांगतो, तेवढं कोणाला काही विचारून मला बरेच दिवस झाले होते.

आता मुद्द्याचं. नियम असा आहे की शेतावर घरची निदान दोन माणसं राहत असली पाहिजेत. म्हणून अर्जात 'घरात राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं. पर्यटन कार्यालयातल्या बाई गेल्या आठवड्यात पाहणीला आल्या. खोल्या बघितल्या, विहिरीला कठडा आहे का ते बघितलं, मग कागद बघून म्हणाल्या, "बहीण कुठे आहेत तुमच्या? त्यांची सही राहिलीये." मी म्हटलं, "बागेत आहे." बाई म्हणाल्या, "थांबते मी." आणि बसल्या की खुर्चीत! शेवटी मी बागेत जाऊन तुझ्या नावाने दोन हाका मारल्या, बाईंना ऐकू जाव्यात म्हणून, आणि परत येऊन सांगितलं की बाजारात गेलेली दिसते.

बाई ३० तारखेला पुन्हा येणार आहेत. त्या दिवशी तू हवीस. एका दिवसाचं काम आहे. सही कर, बाईंना दिस, चहा पी, आणि हवं तर संध्याकाळच्या बसने परत जा. काटेवाल्याला आणायची गरज नाही, अर्जात त्याचा रकाना नाही. माणसाने वजनकाटा तपासायला यावं, शिक्का मारावा आणि जावं. हा सरकारी नोकर दहा वर्षं तसंच करत आला, आणि अकराव्या वर्षी बहीणच घेऊन गेला. तेही तिच्या बावन्नाव्या वर्षी. असो.

लग्नाला मी आलो नाही याचा राग अजून असेल तर सोड तो. त्या दिवशी तांबडी विताना अडली होती. अडलेल्या गाईला टाकून कोण शेतकरी नोंदणी कचेरीत टाळ्या वाजवायला येईल?

तुझ्या खोलीला आता नंबर मिळालाय, 'अतिथी कक्ष क्रमांक १'. पांढरा रंग काढला. खिडकीच्या चौकटीवर कुठल्या झाडाला पहिलं अंजीर कधी आलं याच्या तुझ्या पेन्सिलीतल्या तारखा आहेत ना, तेवढी चौकट राहिली. रंग कमी पडला.

तुझा मोठा भाऊ


१९ ऑगस्ट

चि. ठमीस,

आशीर्वाद. तुझं पाकीट मिळालं. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत मी फाटकाशी होतो, त्यालाही नवल वाटलं. घाईत फाडलं तर आत पत्र नाहीच. पुस्तिकेचं पान नऊ, म्हणजे तूही कुठून तरी पुस्तिका मिळवलीस. 'अर्जदार शेतकरी स्वतः शेतावर राहत असावा.' त्याखाली लाल पेनाने रेघ. बस्स. घरची दोन माणसं हवीत असं कुठेही म्हटलेलं नाही, हे सांगायला तू एक शब्द खर्च केला नाहीस. पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

पहिल्यांदा तुझा असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, भांडायचं तर चार ओळी लिहून भांडावं माणसाने. ही कसली तऱ्हा, नुसती रेघ मारायची? हे त्या काटेवाल्याकडून शिकलीस, चूक सापडली की शिक्का मारून मोकळं व्हायचं. दोन दिवस धुसफुसत होतो. कोंबड्यांवर ओरडलो. मग आठवलं की लहानपणापासून तू अशीच आहेस. शाळेत माझी गणितं तपासायचीस, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असून, आणि चुकीखाली रेघ मारून वही परत ठेवायचीस. काटेवाल्याचा यात काही दोष नाही.

बरं बाई. नियम नाही. मी बनवला.

पण नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं, हे खरं मान. गुरांची गणना, बियाणांचा अर्ज, दूध संघाचं कार्ड, जिथे जिथे घरातली माणसं विचारली तिथे मी वर माझं आणि खाली तुझं नाव लिहीत आलो. हात आपला चालत गेला. बाईंनी तुझं नाव मोठ्याने वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, "काका, इथे राहत नसतील तर तसं सांगा. एक रेघ मारा, बाजूला सही करा, मिनिटाचं काम आहे." पेनसुद्धा काढून दिलं त्यांनी. ते हातात धरून मी म्हटलं, बागेत आहे.

का म्हटलं ते विचारू नकोस. तोंडातून गेलं.

दुसरी बातमी. नोंदणीच्या आधी एकदा पाहुणे ठेवून बघायची मुभा आहे, म्हणून एक कुटुंब येऊन गेलं. नवरा बँकेत, बायको शाळेत शिकवते, आणि दोन मुली. मला वाटलं, शेतीचा अनुभव द्यायचा म्हणजे द्यायचा. पहाटे साडेपाचला दार वाजवलं आणि बँकवाल्याच्या हातात शेणाचं फावडं दिलं. ते गृहस्थ पायजम्यात उभे, एकदा फावड्याकडे बघतात, एकदा बायकोकडे. बायको म्हणते कशी, "अहो, बघता काय, पैसे भरलेत आपण!" धाकटी मुलगी पांढरीखाली दूध काढायला बसली, आणि मी तिला ओरडलो. तुला ओरडायचो तसंच, "अंगठा दुमडून, अंगठा दुमडून!" ती रडली नाही. उलट मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही करून दाखवा ना, नुसतं काय सांगता." तेव्हा तुझी फार आठवण आली.

अंजिरं त्यांनीच तोडली. मी शिडीवर, मोठी खाली टोपली घेऊन. दोन तासांत तीन झाडं. मला बोलायची इतकी सवय राहिली नाहीये की दुपारपर्यंत घसा बसला.

जाताना त्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, मी आणि माझी बहीण. ती कामाला शहरात गेलीये, परवा येईल. त्या म्हणाल्या, "भेट झाली नाही त्यांची. आमचा नमस्कार सांगा." तर त्यांचा तुला नमस्कार. निरोप होता, पोचवला.

ते गेल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं झालं. हे पुस्तिकेत कुठे लिहिलेलं नाही. येणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं ते सगळं आहे, गेल्यावर यजमानाने काय करायचं याची एक ओळ नाही. खोली झाडायला गेलो आणि चादरी न काढताच परत आलो. त्यांना साबणाचा आणि माणसांचा वास होता. दोन दिवस तशाच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी म्हटलं, हा वेडेपणा झाला, आणि धुतल्या.

३० तारखेला ये. नियम नाही, तरी ये. सकाळच्या तिन्ही बस फाट्यावर थांबतात, मी तिथे असेन.

तुझा भाऊ


३ सप्टेंबर

ठमे,

तुझं कार्ड २६ तारखेलाच मिळालं. 'दादा, त्या दिवशी तांबडी व्यायला झाली होती का? तेवढंच सांग.' तीन वर्षांत तुझ्या हातचं एवढंच आलं. उत्तर त्याच दिवशी द्यायला हवं होतं. दिलं नाही. कार्ड खिशात घालून फिरलो, दोनदा शर्टाबरोबर धुवायलाही गेलं होतं. मनाची समजूत घातली की ३० ला येशीलच, तेव्हा समोरासमोर बोलू. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू प्रश्न विचारून उत्तराआधी येणाऱ्यातली नाहीस.

तरी फाट्यावर गेलो. दाढी करून गेलो. पहिल्या बसमधून वरच्या मळ्यातली सून उतरली, दुसरीतून कोणी नाही, तिसरी थांबलीच नाही. तिसरीच्या मागोमाग कार्यालयातल्या बाई आल्या, त्यांच्या गाडीतून. मला म्हणाल्या, "काका, माझ्या स्वागताला इतक्या लांब कशाला आलात?" मी हसलो, आणि त्यांच्या गाडीत बसून घरी आलो.

त्यांना गुरांच्या नोंदी हव्या होत्या. पाहुणे गाईजवळ जाणार म्हणून लसी टोचल्यात का, ते बघतात. गोठ्यात खिळ्याला अडकवलेली तुझी वही काढून दिली. मी ती तीन वर्षांत उघडली नव्हती, तुला खोटं वाटेल. बाई पानं उलटत होत्या आणि म्हणत होत्या, "अक्षर काय सुरेख आहे, अशी वही मी कुठल्याच शेतावर बघितली नाही." मग एका पानावर थांबल्या. म्हणाल्या, "पुढे सगळं कोरं आहे, काका. तीन वर्षांत एकही गाय व्यायली नाही?"

मी म्हटलं, "व्यायल्या. लिहिणारं माणूस नव्हतं."

वही हातात घेतली. शेवटची ओळ तुझी. 'तांबडी. दिवस भरतील १७ मेच्या सुमारास.' तुझं लग्न ९ एप्रिलला होतं.

ठमे, मी तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसलो. दुनियेत दुसऱ्या कोणालाही ही थाप पचली असती. मी ती नेमकी तुला मारली, जी गाईंचे दिवस मोजायची, वही लिहायची, गाय व्यायला आली की माझ्याआधी कंदील घेऊन गोठ्यात उभी असायची. न येण्याचं कारण मी कळवल्यावर तू मला पत्राने विचारलं होतंस, 'कालवड झाली की गोऱ्हा?' मी ते भोळेपणाने घेतलं आणि उत्तरही दिलं, 'कालवड, पण जगली नाही.' त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. मला वाटत राहिलं, नवऱ्याच्या घरी गेली आणि विसरली. मी तुला तीन वर्षं नावं ठेवली, आणि तू तीन वर्षं वाट बघत होतीस की दादा कधी खरं सांगतो.

तर घे उत्तर. नाही. तांबडी अडली नव्हती. ती त्या दिवशी बांधावर मजेत चरत होती. तिला पाच आठवड्यांनी कालवड झाली आणि ती चांगली जगली, हीच ती पांढरी, जिच्याखाली ती मुलगी बसली होती.

त्या दिवशी मी निघालो होतो. नवा शर्ट घातला होता, तूच आणून ठेवलेला, निळा. फाट्यावर वेळेत पोचलो. बस आली, थांबली. कंडक्टर म्हणाला, "येताय ना?" तो परत म्हणाला, "अहो मामा, येताय की नाही?" मी नाही म्हणून मान हलवली. बस गेली. घरी येऊन त्याच शर्टात गोठा झाडला आणि मग तुला सांगायला गाय सापडली.

काटेवाल्याशी माझं वैर कधीच नव्हतं. तुला सांगतो, माणूस सरळ आहे. दहा वर्षांत आपल्या बरोबर काट्याला कधी चुकीचा म्हणाला नाही आणि काम झाल्यावर चहासाठी कधी रेंगाळला नाही, तुझ्यासाठी रेंगाळला असेल तर तेही मला दिसलं नाही. तुझ्या लग्नाचंही मला वाईट वाटलं नाही. मला भीती एकाच गोष्टीची वाटली. तिथे आलो असतो तर टाळ्या वाजल्या असत्या, जेवणं झाली असती, आणि मग परतीच्या बसमध्ये मला एकट्याला बसावं लागलं असतं. फाट्यावर एकट्याला उतरावं लागलं असतं, आणि कुलूप मलाच उघडावं लागलं असतं. आपल्या घराला दिवसा कुलूप कधी लागलं होतं गं? एक जण बाहेर, तर एक जण घरात. ते कुलूप उघडायला मी भ्यालो. एवढंच होतं. मोठा भाऊ म्हणवतो स्वतःला.

मी बाईंकडे अर्ज मागितला. त्यांनी पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, "मी खोडू का?" मी म्हटलं, "नको, मीच." तुझ्या नावावर रेघ मारली. बाजूला सही केली. खाली 'एकूण व्यक्ती' लिहायचं होतं, तिथे दोनचा एक केला. खोडाखोडीत आकडा नीट येईना, म्हणून बाईंच्या सांगण्यावरून अक्षरात लिहिला. एक. त्या म्हणाल्या, "एकट्याचे पुष्कळ अर्ज येतात, काका. सरकारला चालतं." सरकारला चालतं. मला चालत नाही, हे मी पहिल्यांदा कोणासमोर तरी बोललो, आणि तेही एका परक्या बाईसमोर. त्यांनी डोळे पुसले आणि मग विहिरीच्या कठड्याचं माप घेतलं.

नोंदणी झाली. कागद काल आला. शनिवारी पहिले पाहुणे आहेत, दोन्ही खोल्या भरल्यात.

तुला ये म्हणून लिहिणार नाही. दोन पत्रं तेच केलं, आधी नियमाच्या आडून आणि मग विनानियम. यायचं मी होतं, आणि ते तीन वर्षं राहिलंय. गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने निघतोय. गाईंचं वरच्या मळ्यातली सून बघेल, तिला सांगून ठेवलंय. दुपारी एकच्या सुमारास तुझ्या दारात असेन. दार उघडलंस तर पाणी दे. नाही उघडलंस तर पायरीवर थोडा वेळ बसेन, तक्रार करणार नाही, तो तुझा हक्क आहे.

मुक्कामाची सोय करू नकोस. चारची बस आहे परतीची, त्या बसने मी एकटाच येईन आणि कुलूप उघडेन. तेवढं आता जमेल मला.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा दादा